पाहणाऱ्याचे मोल

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. दरवर्षी पौष पौर्णिमेस तेथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. कोकणातून आणि घाटावरून माणसे येतात. बैलांचा मोठा बाजार भरतो. घोंगड्या, टोपल्या, शेतीची अवजारे, भांडी, खेळणी आणि मिठाई यांची दुकाने ओळीने लागतात. यात्रेस येणाऱ्या माणसाकडून कोणी तिकीट घेत नाही. देवदर्शन घ्यावे, पाळण्याकडे पाहत उभे राहावे, गर्दीत दिवसभर हिंडावे आणि खिशातील पैशाला हात न लावता घरी परतावे, असे कोणी ठरविले तर त्यास मज्जाव नाही. मात्र कोणत्याही जत्रेत जो दुकान मांडतो त्याला जागेचे भाडे पडते. त्यातही मौज अशी की, देवळाच्या वाटेवरील चार हात जागेला जो भाव येतो तो दूरच्या प्रशस्त जागेला येत नाही. वाटेवरची माती काही अधिक कसदार नसते. भाव मातीचा नसतोच; त्या मातीवरून दिवसभरात जी पावले जातात त्यांचा तो असतो. ज्याने एक पैसाही खर्च केला नाही असा माणूससुद्धा केवळ त्या वाटेने चालल्यामुळे कोणाच्या तरी उत्पन्नास कारण होतो.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरील चित्रफिती, ज्यांना सर्वजण व्हिडिओ म्हणतात, फुकट कशा पाहावयास मिळतात या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

सायंकाळी मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल आसनगावास पोहोचते, तेव्हा डब्यातील कितीतरी माना मोबाईलवर वाकलेल्या असतात. शहापूर, किन्हवली, डोळखांब, टोकावडे येथील घराघरांतूनही हेच दृश्य दिसते. कोणी भातावरील रोगाचा उपाय पाहतो, कोणी गणिताचे उदाहरण समजावून घेते, कोणी बैलगाडा शर्यतीत रंगून जातो. यांपैकी बहुतेकांनी यूट्यूबला किंवा तशा दुसऱ्या मंचाला एक रुपयाही दिलेला नसतो. रिचार्जचे पैसे दिले हे खरे. परंतु ते मोबाईल कंपनीस मिळतात. लोकांचा येथे नेहमी घोटाळा होतो. रिचार्ज हे जत्रेला नेणाऱ्या मोटारीचे भाडे आहे. जत्रा भरविणाऱ्याच्या पेटीत ते पडत नाही.

पाहणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने थोडेच द्यावयाचे आणि उरलेला भार जाहिरातदाराने उचलावयाचा, ही युक्ती नवी नव्हे. वर्तमानपत्राचा अंक ज्या किमतीस घरी येतो, तीत कागद आणि छपाई यांचा खर्चदेखील पुष्कळदा निघत नाही. बाकीचा जाहिरातींतून भरून काढतात. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. तेव्हाही श्रोत्याचे आणि प्रेक्षकाचे लक्ष विकलेच जात होते. परंतु ते घाऊक विकले जात होते. साबणाच्या कारखानदाराने जाहिरात दिली, तरी किन्हवलीतील अमुक घरात रेडिओ चालू होता की बंद, आणि चालू असल्यास जाहिरात लागताच कोणी त्याचा कान पिळला की काय, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. आजच्या मंचांना ते कळते. या धंद्यातील खरी नवी गोष्ट ती हीच.

यूट्यूबवर पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढविण्यात आली. अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण चार शब्द बोलतो, एवढाच तिचा विषय होता. लांबी अवघी १९ सेकंद. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, गूगल कंपनीने हा मंच १६५ कोटी डॉलरना विकत घेतला. त्या वेळी जाणत्या लोकांनाही या व्यवहाराचा अर्थ लागेना. कारण चित्रफीत ही वस्तू अक्षरांसारखी हलकी नसते. ती साठविण्यास मोठमोठी यंत्रे लागतात, ती प्रत्येक पाहणाऱ्यापर्यंत पोहोचविण्यास खर्च येतो, आणि जितके लोक अधिक पाहतात तितका तो खर्च वाढत जातो. गिऱ्हाईक वाढले की तोटा वाढतो, असे हे विचित्र दुकान होते.

या पेचातून सुटण्याचे नाना मार्ग लोकांनी करून पाहिले. गूगलनेच २००६ च्या आरंभी चित्रफिती पैसे घेऊन विकण्याचे एक दुकान उघडले होते. ऑगस्ट २००७ मध्ये ते बंद केले, आणि ज्यांनी पैसे मोजून चित्रफिती घेतल्या होत्या त्यांना त्या पुढे पाहता येईनात. पैसे परत करावे लागले. रेव्हर नावाच्या मंचाने चित्रफितीच्या शेवटी जाहिरात लावून तिचे निम्मे उत्पन्न कर्त्यास देण्याची रीत घातली. रीत उदार होती, पण मंच टिकला नाही. विमिओ या मंचाने उलटी वाट धरली: पाहणाऱ्याकडून काही घ्यावयाचे नाही, जाहिरात दाखवावयाची नाही, तर ज्याला आपले काम नीटनेटके मांडावयाचे आहे त्या कर्त्याकडूनच वर्गणी घ्यावयाची. यूट्यूबने मे २००७ पासून काही निवडक कर्त्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात भागीदार करून घेतले. त्याच वर्षी चित्रफितीच्या तळाशी जाहिरातीची पारदर्शक पट्टी दिसू लागली.

डिसेंबर २०१० मध्ये यूट्यूबने जी रीत आणली ती सर्वांत चतुर म्हणावी लागेल. जाहिरात सुरू झाल्यावर ५ सेकंदांनी ती ओलांडून पुढे जाण्याची मुभा पाहणाऱ्यास मिळाली. ओलांडली तर जाहिरातदारास पैसे पडत नाहीत. ३० सेकंदांपर्यंत किंवा जाहिरात लहान असल्यास शेवटपर्यंत पाहिली, अथवा तीवर बोट ठेवले, तर पडतात. वरवर पाहता ही पाहणाऱ्यावर केलेली कृपा वाटते. पण जो ओलांडतो तो आपली नावड सांगून जातो आणि जो थांबतो तो आपली आवड. दोन्ही गोष्टींची नोंद होते. पुढच्या वेळी कोणापुढे काय मांडावे हे त्या नोंदीवरून ठरते.

जाहिरातीची जागा विकली जाते ती लिलावाने. शहापूरच्या बाजारात भाजीचा लिलाव होतो तो सर्वांच्या डोळ्यांदेखत. हा लिलाव कोणाला दिसत नाही. मुरबाडकडील एखाद्या शेतकऱ्याने खताविषयीची चित्रफीत उघडली, की ती सुरू होण्यापूर्वीच्या क्षणार्धात यंत्रे त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते पुढे ठेवतात: तो साधारण कोणत्या भागात आहे, कोणती भाषा ऐकतो, पूर्वी काय पाहत आला आहे. बियाण्याची कंपनी, ट्रॅक्टरची कंपनी, विमा कंपनी यांची यंत्रे आपापली बोली लावतात. जाहिरात कोणाची लागावयाची हे शेतकऱ्याचे बोट पडद्यावरून उचलले जाण्याच्या आत ठरते. जो माल विकला गेला तो म्हणजे त्या शेतकऱ्याचे काही सेकंद. ते सेकंद सर्वांचे सारख्या किमतीचे नसतात. अमेरिकेतील पाहणाऱ्याच्या सेकंदांना जी बोली लागते ती आपल्याकडील खेड्यातील पाहणाऱ्याच्या सेकंदांना लागत नाही, कारण तिकडील माणूस अधिक खर्च करील असा जाहिरातदाराचा हिशेब असतो. दिवाळीच्या आधी बोली चढते, नंतर उतरते. म्हणूनच मराठी चित्रफितीला आणि इंग्रजी चित्रफितीला सारखेच प्रेक्षक लाभले तरी दोन्हींच्या कर्त्यांना सारखे पैसे मिळतातच असे नाही.

आता कर्त्याच्या बाजूने पाहू जाता काय दिसते? समजा, डोळखांब भागातील एका मुलीने आपल्या आईच्या हातच्या शेवळांच्या भाजीची चित्रफीत काढली. पावसाळ्याच्या तोंडाशी रानात शेवळे उगवतात. ती घशाला खाजतात म्हणून भाजीत काकडाची फळे घालावी लागतात. ही माहिती शहरातील पुष्कळांना नसते, तेव्हा चित्रफीत पाहिली जाईल हे संभवनीय आहे. परंतु चढविली की पैसे आले, असे होत नाही. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळविण्यास निदान १००० वर्गणीदार हवेत आणि मागील १२ महिन्यांत तिच्या चित्रफिती एकंदर ४००० तास पाहिल्या गेलेल्या हव्यात. (आखूड, उभ्या चित्रफितींसाठी निराळे माप आहे.) येथे वर्गणीदार म्हणजे वर्गणी देणारा नव्हे, नवी चित्रफीत आली की मला कळवा, असे सांगून ठेवणारा. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येकाने तीन मिनिटे पाहिले असे धरले, तर ८०,००० वेळा ती भाजी कोणी ना कोणी पाहिली पाहिजे. तोपर्यंत त्या मुलीचे उत्पन्न शून्य. मंचाचे मात्र शून्यच असेल असे नाही. पात्र न झालेल्या कर्त्यांच्या चित्रफितींवरही जाहिरात लावण्याचा आणि त्यांना वाटा न देण्याचा अधिकार यूट्यूबने २०२० च्या अखेरीस अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत आपल्या अटींत घालून घेतला आहे.

मुलगी पात्र ठरली असे धरू. मोठ्या चित्रफितीवरील जाहिरातीचे १०० रुपये आले तर ५५ कर्त्याचे आणि ४५ मंचाचे, अशी वाटणी आहे. मिळकत १० डॉलरपर्यंत पोहोचली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट घडते. इतका सारा व्यवहार डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींवरून चालत असता, कंपनी साध्या टपालाने एक पत्र पाठविते. त्यात सहा आकडी संख्या असते. कर्ता दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो की नाही याची ती परीक्षा होय. सर्व जगाशी क्षणात बोलणारी कंपनी या एका कामासाठी गावच्या पोस्टमनवर विसंबते. त्या संख्येची नोंद झाली आणि मिळकत १०० डॉलर भरली, की पुढच्या महिन्याच्या उत्तरार्धात पैसे बँकेत जमा होतात. १०० भरले नाहीत तर शिल्लक पुढे ओढली जाते, आणि कित्येकांची ती वर्षानुवर्षे नुसती ओढलीच जाते.

या नियमांचे ठसे चित्रफितींच्या अंगावर उमटलेले दिसतात. चित्रफीत ८ मिनिटांची किंवा त्याहून मोठी असेल तर तिच्या मध्येही जाहिराती लावता येतात. शेवळांची भाजी करून दाखविण्यास चार मिनिटे पुरतात; मग ती नऊ मिनिटे का चालते, काकड कधी घालावयाचे ते सांगण्यापूर्वी आजोळच्या आठवणी का निघतात, याचे उत्तर पुष्कळदा पाककलेत नसून या नियमात असते. पावसाळ्यात माळशेज घाटातील धबधब्यांच्या चित्रफितींचा पूर येतो. त्यांतील शांतपणे उभे राहून घेतलेले चित्र मागे पडते आणि कड्याच्या टोकावर उभा राहिलेला तरुण पुढे येतो, कारण त्याला पाहून बोट थांबते. घाटात कोणी उभे राहावे हे कोणी कंपनीतून सांगत नाही. पण थांबलेल्या बोटाचा मोबदला कोणाला मिळतो हे त्या तरुणाला पक्के ठाऊक असते.

जाहिरातीखेरीजही उत्पन्नाच्या वाटा आहेत. दरमहा पैसे भरून जाहिरातींशिवाय पाहण्याची सोय यूट्यूबने भारतात मार्च २०१९ मध्ये १२९ रुपयांना सुरू केली. पुष्कळ कर्ते एखाद्या कंपनीकडून थेट पैसे घेऊन तिच्या मालाची चित्रफितीतच स्तुती करतात. अशी स्तुती पैसे घेऊन केली असल्यास तसे स्पष्ट लिहावे, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून घातला आहे. तो सर्वच पाळतात असे म्हणता येणार नाही.

एवढ्या खटपटीनंतर मंचाला काय मिळते? गूगलने कित्येक वर्षे हा आकडा उघड केला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो प्रथमच प्रसिद्ध झाला: २०१९ या एका वर्षात यूट्यूबवरील जाहिरातींपासून १५०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न. २०२४ साली ते ३६०० कोटी डॉलरांवर गेले. ज्या दुकानात गिऱ्हाईक वाढले की तोटा वाढे, त्याचे हे रूपांतर झाले.

कर्त्याची स्थिती मात्र जुन्या काळच्या कुळासारखी आहे. ठाणे जिल्ह्यातील वृद्धांना कूळ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमीन सावकाराची, श्रम कुळाचे, आणि पिकाचा वाटा किती द्यावयाचा व उद्या जमीन कसावयाची की नाही हे ठरविणारा सावकार. १९४८ चा कूळ कायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ रोजी असंख्य कुळे कायद्याने आपल्या जमिनीची मालक ठरली. चित्रफितींच्या जमिनीवर असा दिवस उगवलेला नाही. वाटा ठरवितो तो मंच, अटी बदलतो तो मंच. आणि मंचावरही कोणी असतो. टिकटॉक हा आखूड चित्रफितींचा मंच महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अतिशय लोकप्रिय झाला होता. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली. बंदीची कारणे निराळी होती आणि त्यांचा कर्त्यांच्या गुणदोषांशी संबंध नव्हता. परंतु कोणी लाखभर पाहणारे जोडले होते, कोणी दहा लाख, ती सारी पुंजी एका रात्रीत दिसेनाशी झाली. पाहणारे तेथेच होते, त्यांच्यापर्यंत जाणारी वाट बुजली होती.

लहान मुलांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांचे लक्ष सहज वेधता येते, आणि म्हणूनच त्याला मोल आहे. मुलांविषयीची माहिती आईबापांच्या संमतीवाचून गोळा केली, या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूब यांनी अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. जानेवारी २०२० पासून मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रफितींवर, पाहणाऱ्याची आवड ताडून लावलेल्या जाहिराती बंद झाल्या. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, १८ वर्षांखालील मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, अशी तरतूद करण्यात आली आहे. परंतु खेड्यात मुलाच्या हाती असतो तो बहुधा वडिलांचा मोबाईल. यंत्राच्या लेखी पाहणारा चाळीस वर्षांचा गृहस्थ असतो.

मुरबाड तालुक्यातच फांगणे म्हणून लहानसे गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी एका धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने ती काढली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस स्त्रिया गुलाबी नऊवारी लुगडे नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारी अक्षरे गिरवावयास येऊ लागल्या. हे दृश्य असे होते की कॅमेरा तिकडे वळल्यावाचून राहिला नाही. देशातील आणि परदेशांतील वृत्तसंस्थांची माणसे फांगण्यास आली, चित्रफिती निघाल्या, आणि त्या दूरदूरच्या देशांत पाहिल्या गेल्या. यांत वावगे काही नाही. आजींनीही पाहुण्यांपुढे हसतमुखाने पाढे म्हटले. परंतु मंचाचा नियम असा आहे की, जाहिरातीचा वाटा चित्रफीत ज्याच्या खात्यावरून चढते त्याचा. चित्रफितीत जो दिसतो त्याचे नाव त्या हिशेबात कोठेच नसते.

याच्या शेजारी नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण ठेवून पाहावे. त्याही आजीच, त्यांनाही शाळेचा लाभ झालेला नव्हता. २०२० साली त्यांच्या नातवाने त्यांच्या स्वयंपाकाच्या चित्रफिती काढून 'आपली आजी' या नावाने चढविण्यास आरंभ केला. मसाला किती घालावा हे आजी मुठीच्या आणि चिमटीच्या मापाने सांगत, आणि लाखो लोक ते ऐकू लागले. मध्यंतरी कोणी परक्याने ते खाते बळकावले, तेव्हा घरात चूल पेटली नाही तर वाटावी तशी चिंता पसरली. काही दिवसांनी खाते परत मिळाले. येथे खाते घरचे होते, म्हणून मिळकतही घरी आली. दोन्ही ठिकाणच्या आजींमध्ये फरक गुणांचा नव्हता, रूपाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या प्रेमाचाही नव्हता. चित्रफीत चढविणारे बोट कोणाचे, एवढाच तो होता.

फांगण्याच्या आजींना शाळेत यावेसे वाटले ते पोथी आपली आपल्याला वाचता यावी म्हणून, आणि बँकेत अंगठा उठवावा लागू नये म्हणून. त्यांपैकी कित्येकींना आपले नाव लिहिता येऊ लागले. कागदावर सही करताना त्या थांबून थांबून एकेक अक्षर काढीत, आणि लिहून झाल्यावर ते नाव आपलेच आहे ना, हे पुन्हा एकदा वाचून पाहत.